एकच हिशेब, तीन खिडक्या

कराडजवळच्या एका गावात माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या शेजारी सातबारा. मुलगी बारावीत, बोर्डाची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक, घरचा ऊस, जमीन तीन भावांत सामाईक. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी आर्थिक मदतीचा अर्ज आम्ही भरत होतो आणि फॉर्मने शेताची किंमत विचारली होती. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडं पैसे नाहीत हे तिकडं कशाला सांगायचं? पोरीला घेतील का मग?"

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला जायचं म्हणणाऱ्या मुलांचे अर्ज मी गेली काही वर्षं त्यांच्यासोबत बसून भरते आहे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो. शहरात तो इंग्रजीत विचारतात एवढाच फरक. त्यामागे लाज असते आणि भीतीही. मदत मागितली तर प्रवेश हुकेल, प्रवेश मिळालाच तर व्हिसाच्या खिडकीवर 'यांच्याकडे पैसे नाहीत' म्हणून परत पाठवतील, अशी ती भीती. म्हणून मग लोक कॉलेजला एक चित्र दाखवतात, बँकेला दुसरं आणि वकिलातीत तिसरं. घोटाळा नेमका तिथे होतो. तुमच्या घरचा हिशेब एकच आहे. कॉलेज, बँक आणि वकिलात या तिन्ही खिडक्यांवर तोच, तसाच मांडायचा. हे जमलं तर निम्मं काम झालं असं मी मानते.

आधी कॉलेजची खिडकी. अमेरिकी सरकारची मदत ज्या अर्जावर मिळते तो 'फाफसा' आपल्यासाठी नाही. तो तिथल्या नागरिकांसाठी आणि काही ठरावीक दर्जाच्या रहिवाशांसाठी आहे. आपल्याला मिळते ती मदत कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून. त्यामुळे कोणतं कॉलेज परदेशी मुलांना पैसे देतं, किती देतं आणि मदत मागण्याचा प्रवेशावर काय परिणाम होतो, हे कॉलेजागणिक बदलतं. कॉलेजांची यादी नावावरून किंवा क्रमवारीवरून करू नका. ती पैशाच्या धोरणावरून करा.

काही मोजक्या कॉलेजांत प्रवेश ठरवताना परदेशी मुलानेही मदत मागितली आहे की नाही हे पाहिलंच जात नाही. याला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम ही त्यातली नावं. प्रवेश मिळाला की घरची ऐपत आणि खर्च यांतली तफावत ही कॉलेजं पूर्ण भरून काढतात. २०२५-२६ पासून हार्वर्डने आणि एमआयटीने, वार्षिक उत्पन्न १ लाख डॉलरपेक्षा कमी आणि मालमत्ता त्या उत्पन्नाला साजेशी असलेल्या कुटुंबाला शिकवणी, राहणं, जेवण यांपैकी कशाचाच भार पडू नये असं धोरण ठेवलं आहे आणि परदेशी मुलांना त्यातून वगळलेलं नाही. रुपयांत हा आकडा किती मोठा होतो ते पाहा. आपल्याकडचे शिक्षक, बँकेतले कारकून, छोटे दुकानदार, बहुतेक शेतकरी असे सगळे या रेषेच्या बरेच खाली येतात. अर्थात या दारांतून आत शिरणंच फार कठीण आहे आणि केवळ यांच्या भरवशावर यादी करणं म्हणजे मुलाचं वर्ष पणाला लावणं.

दुसरा गट मोठा आहे. इथे मदतीची मागणी प्रवेशाच्या निर्णयात मोजली जाते, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. स्टॅनफर्ड यात आहे, तशीच ग्रिनेल किंवा स्वार्थमोरसारखी छोटी, फक्त पदवीचं शिक्षण देणारी कॉलेजं आहेत. आपल्या लोकांना त्यांची नावं ठाऊक नसतात, कारण जागतिक क्रमवाऱ्यांत ती येतच नाहीत. माझा अनुभव असा की आपल्याकडच्या हुशार आणि बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना खरी मदत मिळाली ती बहुतेक वेळा अशाच कॉलेजांतून. कॉर्नेलही याच गटातलं, पण तिथे भारतीय मुलांसाठी एक वेगळी वाट आहे. टाटा ट्रस्टने २००८ मध्ये दिलेल्या २.५ कोटी डॉलरच्या निधीतून पदवीच्या भारतीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि एका वेळी साधारण वीस विद्यार्थी तिच्यावर शिकत असतात.

सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांना गरजेनुसार मदत जवळजवळ मिळत नाही. गुणांवरची शिष्यवृत्ती मिळते, पण ती बहुधा एकूण खर्चाचा एक तुकडा असते. 'वर्षाला १५ हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली' म्हणून पेढे वाटण्याआधी उरलेले किती, हे कागदावर मांडा.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या गटातल्या कॉलेजांत मदत मागितली की प्रवेश थोडा अवघड होतो, हे खरं आहे. मी ते कुणापासून लपवत नाही. पण परवडणारच नाही अशा कॉलेजात मिळालेल्या प्रवेशाचं तुम्ही काय करणार? आणि यातली एक अट फार थोड्यांना माहीत असते. पुष्कळ कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढच्या चारही वर्षांत ती मागता येत नाही. 'आधी आत जाऊ, मग बघू' हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग तिथे बंद आहे. म्हणून मागायची असेल तर पहिल्याच दिवशी आणि खऱ्या आकड्यासह मागा.

मागायची ती बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' या अर्जावर. कॉलेज बोर्डाचा हा ऑनलाइन फॉर्म दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक कॉलेजसाठी १६ डॉलर पडतात. हेही जड वाटत असेल तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला साधं, सरळ ईमेल लिहा. काही कॉलेजं शुल्कमाफीचा कोड देतात, काही दुसरा विनामूल्य फॉर्म चालवून घेतात. प्रवेश अर्जाचं शुल्क माफ करून मिळण्याची सोय वेगळी असते, तीही विचारून घ्या. या ईमेलला उत्तर येतं. तिथे मदत मागणाऱ्याला कमी लेखत नाहीत, हे मी घरोघरी सांगत आले आहे.

फॉर्ममध्ये आकडे रुपयांतच भरता येतात. लाख आणि शून्यं यांत मात्र गल्लत होते. आपण १२,००,००० लिहितो, तिथला माणूस तीन-तीन आकड्यांनी वाचतो. स्वल्पविराम न देता सलग आकडा लिहा आणि शून्यं दोघांनी मिळून मोजा. एका शून्याने घरची मिळकत दहापट झालेली मी पाहिली आहे. ती चूक दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे गेले.

त्या सातबाऱ्याकडे परत येते, कारण ग्रामीण कुटुंबांचं घोडं इथेच अडतं. उताऱ्यावर क्षेत्र होतं २ हेक्टर ४० आर आणि नावं तीन भावांची. वडील म्हणाले सगळं आमचंच आहे, काका म्हणाले सगळं सगळ्यांचं. घरात दोन्ही खरं, फॉर्मला मात्र या मुलीच्या वडिलांचा हिस्सा हवा असतो. तो होतो ८० आर, म्हणजे जेमतेम दोन एकर. किंमत लिहिताना शेजारच्या गावात हायवेलगतची जमीन कितीला गेली ते ऐकीव आकडे धरू नका. सरकारी वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो, तो काढा आणि त्या दराने आलेली रक्कम लिहा. मग फॉर्मच्या शेवटी खुलाशासाठी जी मोकळी जागा असते तिथे आठ-दहा ओळींत लिहा की ही वडिलोपार्जित शेतजमीन आहे, तीन भावांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही, आमचा हिस्सा इतका, किंमत सरकारी तक्त्यावरून धरली आहे, आणि ही जमीन विकली तर घराचं उत्पन्नच बंद होईल. आयोवातल्या किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या मदत अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याला ते समजावून सांगणं हे आपलं काम.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे म्हणून ते फॉर्ममध्ये लिहायचं नाही, असं पुष्कळांना वाटतं. लिहायचं. करमुक्त उत्पन्नाचा रकाना वेगळा आहे. कारखान्याची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असल्या तर दोन-तीन वर्षांची सरासरी काढा. एखाद्या वर्षी अवकाळीने द्राक्षं गेली असतील तर तेही खुलाशात येऊ द्या. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम निवृत्तीच्या रकान्यात लिहा, बँकेतल्या बचतीत मिसळू नका. निवृत्तीसाठी ठेवलेला पैसा बहुतेक कॉलेजं ऐपतीत धरत नाहीत. घरावरचं कर्ज, पीककर्ज, आजीच्या आजारपणाचा खर्च, धाकट्या भावाची फी, हे सगळं लिहा. लोक मिळकत लिहिताना हात आखडता घेतात आणि खर्च लिहायचा राहूनच जातो.

जोडायचे कागद म्हणजे आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे. विवरणपत्र भरतच नसाल तर तसं लिहून सही केलेलं पत्र, सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. अर्जांच्या मुदती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येतात आणि आपल्या बोर्डाच्या मुलांची पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. त्या धावपळीत सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहायची वेळ मुलावर येऊ देऊ नका.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुढे व्हिसाला नडते. ती म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यात एखादा काना किंवा वेलांटी वेगळी, की इंग्रजी स्पेलिंग बदलतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव अकरावीपासून सगळीकडे लावायची सवय करा: परीक्षांची नोंदणी, कॉलेजचा अर्ज, बँकेचं खातं, सगळीकडे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.

नोव्हेंबरमध्ये 'अर्ली डिसिजन'चा अर्ज करायचा मोह होतो. त्यात प्रवेश मिळाला की त्याच कॉलेजात जायचं वचन द्यावं लागतं. मदत पुरेशी नसल्यामुळे जाणं शक्यच नसेल तर त्या वचनातून सुटका मिळते, हे लक्षात ठेवा. पण मग दुसऱ्या कॉलेजांच्या देकारांशी तुलना करायची संधी गेलेली असते.

मार्चअखेरीस निकाल लागतात आणि बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. मदतीच्या पत्रात सगळे आकडे एकाखाली एक मांडलेले असतात आणि त्यांना एकच नाव असतं, 'मदत'. त्यांची फोड करा. कराडच्या त्या मुलीचं पत्र साधारण असं होतं: वर्षाचा एकूण खर्च ८४,००० डॉलर, कॉलेजची ग्रँट, म्हणजे परत न करायची रक्कम, ७५,५००, कॅम्पसवरच्या नोकरीतून मिळवायचे २,५००, आणि घरच्यांनी द्यायचे ६,०००. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ५ लाख ४० हजार. यातली नोकरीची रक्कम ऑगस्टमध्ये हातात नसते, ती दर आठवड्याच्या कामातून येते. पत्रात कर्ज असेल तर ती मदत नव्हे, ती परतफेड आहे. शिवाय विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, थंडीचे कपडे, सुट्टीत वसतिगृह बंद असतं तेव्हाचा मुक्काम, हे पत्रात आहे का? नसेल तर विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पुढच्या वर्षी फी वाढली तर ग्रँट वाढेल का. आपल्या बाजूने रुपयाही घसरतो. २०१५ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. चार वर्षांचा हिशेब करताना आजचा दर चारही वर्षं धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

देकार आणि तुमची परिस्थिती जुळत नसेल तर फेरविचाराची विनंती करता येते. वडिलांची नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, तर कागदपत्रांसह लिहा. भाजी बाजारातली घासाघीस तिथे चालत नाही, पण बदललेली परिस्थिती ऐकून घेतात.

पूर्ण मदत मिळालेल्यांना एक धक्का बसतो तो कराचा. शिकवणीपुरत्या ग्रँटवर अमेरिकेत कर नाही, पण राहण्या-जेवणासाठी दिलेली ग्रँट करपात्र आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉलेज त्यातून १४ टक्के कापून घेऊ शकतं. भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट घेता येते. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ती मिळत नाही. विवरणपत्र भरताना तिचा लाभ घ्यायचा हे पहिल्याच वर्षी लक्षात ठेवा. उत्पन्न शून्य असलं तरी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो.

उरलेल्या पैशांसाठी लोक शिष्यवृत्त्या शोधतात, आणि इथे मला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, या सगळ्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. १८९२ पासून चाललेली जे. एन. टाटा एन्डाउमेन्टची कर्जशिष्यवृत्तीही पदवीनंतरची. बारावीनंतर जाणाऱ्याने यांच्यावर विसंबू नये. पण ज्याला इथेच पदवी करून मग जायचं आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग अधिक शहाणपणाचा असू शकतो, आणि तसा सल्ला मी अनेकांना दिला आहे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते पदवीनंतरच, बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर: तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करारही त्यासोबत होता. आजच्याही कित्येक योजनांना अशा अटी असतात. सही करण्याआधी त्या आई-वडिलांसोबत मोठ्याने वाचून काढा.

मग येते बँकेची खिडकी. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन त्यासाठी बहुतेक बँका घेत नाहीत, कारण वसुलीच्या कायद्यात शेतजमिनीला संरक्षण आहे. गावठाणातल्या घराचे कागद अपुरे असतात. म्हणजे ज्याच्याकडे 'मालमत्ता' आहे असं गाव म्हणतं, त्याच्याकडे बँकेच्या दृष्टीने काहीच नसतं. हे मे महिन्यात कळण्यापेक्षा आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळलेलं बरं; बँकेत जाऊन नुसतं विचारून या. कर्ज किती घ्यायचं हे ठरवताना अमेरिकेतल्या पगाराचे आकडे धरू नका. पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी, म्हणजे ओपीटीवर, १२ महिने मिळतात, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४. त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे आणि नुसत्या पदवीधराला त्यातल्या वर्षाच्या ६५ हजार जागांमध्येच नशीब आजमावावं लागतं. भारतातल्या पगारावर फेडता येईल एवढंच कर्ज घ्या, हे मी डोळे मिटून सांगते.

पैसे पाठवताना बँक टीसीएस नावाचा कर आगाऊ कापते. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर अजिबात नाही. कापला गेला तरी विवरणपत्रात परत मिळतो. म्हणून पैसे कुणाच्या खात्यातून जाणार हे आधी ठरवा. मामांच्या खात्यातून गेले तर वजावटही मामांच्याच नावावर पडते.

कॉलेजला उत्तर गेलं, पैशाचे पुरावे गेले, की ते 'आय-२०' पाठवतं. या कागदाच्या पहिल्याच पानावर खालच्या भागात दोन चौकटी शेजारी-शेजारी असतात. डावीकडे खर्च: शिकवणी, राहणं-जेवण, इतर. उजवीकडे पैसा कुठून येणार: स्वतःचा, कॉलेजचा, इतर कुणाचा, कॅम्पसवरच्या कामाचा. सातबाऱ्यापासून सुरू झालेला सगळा हिशेब या दोन चौकटींत येऊन बसतो. व्हिसाच्या खिडकीमागचा अधिकारी हेच पाहणार असतो, म्हणून ते आकडे मुलाला पाढ्यांसारखे पाठ हवेत. नाव, जन्मतारीख, अभ्यासक्रमाच्या सुरुवातीची तारीख पडताळा, काही चुकलं असेल तर कॉलेजला लगेच कळवा, मग सही करा. मुलगा अठराचा नसेल तर पालकांचीही सही लागते.

यानंतर सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेचं शुल्क ३५० डॉलर, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, आणि व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात आणखी किमान २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे, तेव्हा भरण्याच्या दिवशी वकिलातीच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच घरचं गणित करा. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. बंद केलेलं जुनं खातंही लिहा. हा अर्ज एजंटकडून भरून घेऊ नका. त्यातल्या प्रत्येक उत्तराला मूल जबाबदार असतं, आणि स्वतः भरलेलंच खिडकीवर आठवतं.

विद्यार्थ्यांचा हा व्हिसा, म्हणजे एफ-१, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देता येतो, मात्र अमेरिकेत पाऊल टाकता येतं ते ३० दिवस आधी. म्हणजे आय-२० हातात आल्याबरोबर तारीख शोधायला लागा. जून-जुलैत मुलाखतीच्या तारखांसाठी झुंबड उडते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या मुलांना मुंबईची वकिलात, वांद्रे-कुर्ला संकुलातली. आधी एका दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, बॅगही नाही. कागद साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये न्या आणि फोन सोबत आलेल्या माणसाकडे बाहेर ठेवा.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. कायद्याचं २१४(बी) कलम असं सांगतं की समोरचा माणूस अमेरिकेत कायमचा राहायलाच येतो आहे असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून प्रश्न कडक वाटतात. हेच कॉलेज का? काय शिकणार? खर्च कोण करणार? आई-वडील काय करतात? कराडच्या मुलीला आम्ही पाठांतर करू दिलं नाही. रोज संध्याकाळी काकू तिला इंग्रजीत एकच प्रश्न विचारायच्या, "पैसे कोण देणार?" आणि ती दरवेळी आपल्या शब्दांत सांगायची. खिडकीवर तिने सांगितलं ते एवढंच: कॉलेज वर्षाला ७५,५०० डॉलरची ग्रँट देतं, मी कॅम्पसवर काम करीन, उरलेले ६,००० वडील त्यांच्या बचतीतून देतील, ते शिक्षक आहेत आणि आमची दोन एकर ऊसशेती आहे. अधिकाऱ्याने आय-२० वर नजर टाकली, एकही बँक उतारा मागितला नाही. कॉलेज एवढे पैसे देतं आहे ही गोष्ट खिडकीवर तिच्या बाजूने बोलत होती. वडिलांना जिची भीती वाटत होती, ती हीच.

याच्या उलटही मी पाहिलं आहे. एका कुटुंबाला एका सल्लागाराने सांगितलं की मदत मागूच नका, व्हिसा नाकारतात. खात्यात दोन महिन्यांसाठी पैसे 'दाखवून' देतो. पन्नास लाख आले, व्याज गेलं, आणि खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं की वडिलांचा पगार महिना साठ हजार असताना मार्चमध्ये ही रक्कम आली कुठून. मुलगा गप्प राहिला. त्याला २१४(बी) खाली नकार मिळाला, आणि त्यातल्या त्यात ते बरं झालं. तो खोटं बोलला असता आणि ते उघड झालं असतं, तर फसवणुकीच्या कलमाखाली अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकलं असतं. त्या मुलाचा मला आजही राग येत नाही. ज्याने अठरा वर्षांच्या पोराच्या हातात तो कागद दिला त्याचा येतो.

२१४(बी)चा नकार कायमचा नसतो. पुन्हा अर्ज करता येतो, त्यासाठी ठरावीक काळ थांबावंही लागत नाही. शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं. पण काहीच न बदलता आठवड्यात पुन्हा रांगेत उभं राहू नका. काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं हे बाहेर आल्याबरोबर, घरी फोन करण्याआधी, लिहून काढा. बहुतेक वेळा चूक त्या चार ओळींत सापडते. २२१(जी)चा कागद मिळाला तर तो नकार समजून रडत बसू नका. त्यात आणखी कागद किंवा तपासणीसाठी वेळ मागितलेला असतो. कॉलेजला त्याच दिवशी कळवा, पुष्कळ कॉलेजं प्रवेश पुढच्या सत्रासाठी राखून ठेवतात.

सल्ला हवा असेल तर यूएसआयईएफ या अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या मुंबई कार्यालयातलं एज्युकेशन-यूएसए केंद्र विनामूल्य मार्गदर्शन करतं. खासगी सल्लागाराला लाखभर रुपये मोजण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

निघायच्या दिवशी आय-२०, मदतीचं पत्र, सेव्हिसची पावती आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर ते पुन्हा मागतात आणि मोठ्या बॅगा त्या खिडकीच्या पलीकडे मिळतात. कराडच्या मुलीने त्याच फोल्डरमध्ये सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतरही ठेवलं होतं. कुणी विचारणार नाही असं मी म्हटलं, तरी तिने ते काढलं नाही.